सशाचाही केसपेपर काढणाऱ्या डॉक्टरसाहेबांना

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात आणून देता आलं असतं. पण तुम्ही ते "त्यात काय एवढं" म्हणून घडी घालून खिशात टाकलं असतं, म्हणून चारचौघांत लिहितेय. शिवाय अमळनेर, धुळे, चोपडा, इकडे हल्ली बऱ्याच घरांत ससा दिसतो. पोरं हट्ट करतात, बाजारात जोडी मिळते, आणि घरी आणल्यावर कळतं की त्याला काही झालं तर न्यायचं कुठे हे कोणालाच ठाऊक नाही. तुम्ही आम्हाला जे सांगितलंत ते अशा घरांनाही कळावं, एवढाच यात माझा स्वार्थ.

पोळ्याच्या आसपास आमच्या सशाला, भुऱ्याला, पहिल्यांदा तो झटक्याचा प्रकार झाला. दुपारी फरशीवर मस्त पसरलेला होता. एकदम मान मागे गेली, बुबुळं इकडून तिकडे थरथरायला लागली, चारही पाय हवेत चालू झाले. नखं फरशीवर घासल्याची खरखर अजून कानात आहे. सासूबाई कांदा फोडून घेऊन आल्या, शेजारच्या काकू चप्पल घेऊन. माणसाला फिट आली की हुंगवतात ना, तसं सशाला हुंगवायचं! मिनिटभरात सगळं थांबलं. मग तो पोटावर सपाट पडला, कान गार, हाक मारली तरी ओळख नाही. आणि थोड्या वेळाने उठून मेथीची काडी ओढायला लागला, जसं काही घडलंच नाही.

पुढच्याच आठवड्यात पुन्हा तेच. आम्ही त्याला घेऊन एका शहरातल्या दवाखान्यात गेलो. टोपली टेबलावर ठेवायच्या आत उत्तर मिळालं, "सशाचं काय घेऊन बसलात, दुसरा आणा." त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

तुमच्याकडे आलो तेव्हा बाहेर बैलजोडी, शेळ्या आणि एक गाभण म्हैस. मी टोपली घेऊन रांगेत. एक बाबा हसून म्हणाले, आता उंदीरही आणतील लोक. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "नंबर येऊ द्या." आणि नंबर आल्यावर खरोखर केसपेपर काढलात: ससा, नर, रंग भुरा. मग पहिला प्रश्न विचारलात की हा शेतात सापडलेला तर नाही ना, कारण रानससा घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. घरचा, बाजारातला म्हटल्यावर टोपलीचं झाकण काढलंत. माझे हात थरथरत होते. तुम्ही म्हणालात, "पोरी, कसाले घाबरस? बस." दवाखान्यात आपली अहिराणी कानावर पडली आणि माझा निम्मा धीर परत आला.

त्यानंतरचं मला शब्दात पकडायचंय, कारण माझे आभार खरे त्यासाठी आहेत. तुम्ही टेबल सोडून खाली पोत्यावर बसलात. टेबलावरून ससा उडी मारतो, आणि त्याच्या मागच्या पायांत इतका जोर असतो की नुसत्या झटक्याने त्याचा कणा मोडू शकतो, हे तुम्ही सांगितलंत. भुऱ्याला पंच्यात गुंडाळलंत, फक्त डोकं बाहेर. ताप बघितला, 102 च्या जरा वर. सशाला 101 ते 104 चालतो म्हणालात, म्हणजे ऊन लागल्याचा प्रकार नव्हता. मे महिन्यात आला असता तर आधी तीच शंका घेतली असती, कारण सशाला घाम येत नाही, अंगातली गरमी तो कानांवाटे टाकतो, आणि आपल्याकडच्या 44-45 अंशांत ते कान तरी किती पुरणार! मग कानात दिवा घालून बघितलं, दात बघितले, बुबुळं बघितली. सासूबाईंचं साखर मोजायचं यंत्र मी सोबत आणलं होतं, त्यावर कानाच्या शिरेतला थेंब. घाबरलेल्या सशाची साखर चढलेलीच दिसते, पण घसरलेली नाही एवढं कळलं, म्हणालात.

मग प्रश्न. गवत कुठलं आणता? बांधावरचं असेल तर शेजारच्या कपाशीवर फवारणी कधी झाली? पालेभाजी धुता का? भिंतीचा जुना रंग कुरतडतो का? घरात कुत्रा आहे का, आणि त्याच्या मानेवर घालायचे पिसवांचे थेंब कोणी सशालाही घातले का? कारण त्यातलं फिप्रोनिल कुत्र्याला चालतं, सशाला मात्र त्याने फिट येतात, जीवही जातो. हे इथे मुद्दाम लिहितेय. दुकानदार कधीकधी "एकच औषध, सगळ्यांना चालतं" म्हणून देतात.

आमच्या ह्यांचं कृषी सेवा केंद्र आहे हे कळल्यावर तुम्ही पेन खाली ठेवलंत. दिवसभर कीटकनाशकांत वावरणारा माणूस संध्याकाळी त्याच कपड्यांत सशाला मांडीवर घेतो का, असं विचारलंत. घेत होते. पण तशी विषबाधा असती तर लाळ गळली असती, डोळ्यांतल्या बाहुल्या बारीक झाल्या असत्या, अंगाचं कापरं मध्ये थांबलं नसतं. यातलं काही नव्हतं. तरीही त्या दिवसापासून ह्यांचे दुकानाचे कपडे बाहेरच्या मोरीत. आणि एक वेगळीच गोष्ट त्या दिवशी कळली. अशा विषबाधेवर अ‍ॅट्रोपिन देतात, पण बऱ्याच सशांच्या अंगातच ते मोडून टाकणारं एन्झाइम असतं, म्हणून बैलाला लागू पडणारा उतारा सशाला लागू पडेलच असं नाही. आमचे हे घरी येऊन हेच सगळ्यांना सांगत सुटले होते!

एवढं सगळं करून तुम्ही म्हणालात, "कशामुळे होतंय ते मला आत्ता नक्की सांगता येत नाही."

साहेब, मी खोटं नाही सांगत, त्या वाक्याने मला बरं वाटलं. सांगता येत नाही म्हणणारा डॉक्टर मी क्वचितच बघितलाय. आणि म्हणून तुम्ही हात झटकले नाहीत. पुढच्या वेळी व्हिडिओ काढा, घड्याळ बघा, म्हणालात. व्हिडिओ दाखवला तेव्हा तुम्ही तो थांबवून थांबवून बघितलात आणि आमच्या लक्षात न आलेलं दाखवलंत: पाय हलायच्या आधी डोकं डावीकडे कलतं, आणि लोळणही त्याच बाजूला. म्हणजे ही फिट असेल, किंवा तोल जाण्याचा आजार असेल, तोही बघणाऱ्याला फिटसारखाच वाटतो. त्याचं मूळ कानाच्या आतल्या भागात किंवा मेंदूत. बाहेरून कान स्वच्छ होता, पण पडद्यामागचं दिव्याने दिसत नाही. मग तुम्ही मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातल्या तुमच्या जुन्या सोबत्याला माझ्यासमोर फोन लावलात. "आम्हाला ससा शिकवला तो लोकर आणि मांसापुरता," असं त्यांना मोकळेपणाने म्हणालात. मला त्याचं फार अप्रूप वाटलं. 2022 च्या लम्पीच्या साथीत गावोगावी फिरून गुरांना लस टोचणारा माणूस, एका सशासाठी फोनवर विद्यार्थ्यासारखं लिहून घेत होता.

त्या फोनमधून एन्सेफॅलिटोझून नावाचा परजीवी कळला. इतका बारीक की साध्या डोळ्यांना दिसायचा प्रश्नच नाही. सशाच्या लघवीतून पसरतो, मेंदू, मूत्रपिंड आणि डोळ्यांत घर करतो. पुष्कळ सशांच्या अंगात तो असतो आणि आयुष्यभर काही करत नाही. म्हणूनच रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आली तरी या सशाचा त्याच्याशी कधीतरी संबंध आला एवढंच कळतं. खात्रीचं निदान मेल्यानंतर मेंदू तपासूनच, हेही तुम्ही सांगितलंत, फक्त माझ्या पोरीला बाहेर पाठवून. तेवढं भान किती जणांना असतं?

"मग औषध देऊन बघू," म्हणालात. फेनबेंडॅझोल, जंताचं. किलोला 20 मिलिग्रॅम, रोज एकदा, 28 दिवस. म्हशीच्या एका गोळीत दीड ग्रॅम असतं आणि आमचा भुऱ्या 1 किलो 800 ग्रॅमचा, म्हणजे त्याला 36 मिलिग्रॅम. तुम्ही पातळ औषध मागवलंत, बिनसुईच्या सिरिंजवर मार्करने रेघ मारून दिलीत, आणि गालाच्या बाजूने, दातांमागच्या मोकळ्या जागेतून हळू सोडायचं हे स्वतः करून दाखवलंत. काही सशांना या औषधाने रक्तपेशी कमी होतात, तेव्हा मलूल वाटला तर पुढचा डोस न देता आधी मला दाखवा, हेही बजावलंत. घरात कोणी कॅन्सरसाठी केमो घेतंय का, कोणाची प्रतिकारशक्ती कमी आहे का, हे विचारलंत, कारण अशा माणसांना या परजीवीचा त्रास होऊ शकतो. नाही म्हटल्यावरही पिंजऱ्याखालची जागा पातळ ब्लीचने पुसायला आणि हात धुवायला सांगितलंत.

आणि झटका आला तर काय करायचं ते. कांदा नको, चप्पल नको, तोंडात पाणी तर मुळीच नको. दाबून धरायचं नाही. बाजूच्या वस्तू सरकवायच्या, टॉवेलची वळकटी लावायची, दिवा बंद, टीव्ही बंद. पाच मिनिटांच्या वर गेलं किंवा लागोपाठ यायला लागलं तर रात्र असो की दिवस, गाडी काढायची. शांत झाल्यावर खातोय का बघायचं. कारण ससा अर्धा दिवस उपाशी राहिला की त्याचं आतडं थांबतं आणि मूळ आजाराआधी तेच त्याला नेतं. तो खात नसेल तर सशाच्या तयार खाद्याचे दाणे (पेलेट) भिजवून, वाटून, सिरिंजने भरवायचे. बाकी गवत भरपूर, लसूणघास मोठ्या सशाला थोडाच. घरातल्या माणसांचं उरलेलं अँटिबायोटिक चुकूनही नाही. अमॉक्सिसिलिन तोंडावाटे गेलं तर सशाच्या पोटातले चांगले जिवाणू मरतात आणि पाठोपाठ ससाही. आमच्या औषधांच्या डब्यात ती पट्टी होतीच. त्या दिवशी ती डब्यातून गेली.

औषध चालू असताना झटके विरळ झाले. दिवाळीनंतर एक हलका येऊन गेला, त्यानंतर आजपर्यंत नाही. डोकं अजून जरासं डावीकडे कलतं. ओटीवरून खाली उतरताना तो थांबतो, अंदाज घेतो आणि मगच उडी मारतो. औषधाने बरं वाटलं, की कपडे बाहेर ठेवल्याने, की गवत बदलल्याने, की आपोआप, हे तुम्हालाही सांगता येत नाही. मी तुम्हाला हे फोनवर विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "ताई, श्रेय घ्यायला मला आवडलं असतं, पण पुरावा नाही."

तुम्ही केसपेपरचे पैसे तेवढे घेतलेत. औषधाचे द्यायला गेले तर शिपायाला हाक मारून पुढची म्हैस आत बोलावलीत. तो हिशेब मी सोडलेला नाही. पुढच्या महिन्यात भुऱ्याचं रक्त पुन्हा बघायचं ठरलंय, तेव्हा येईनच. त्याआधी शेतावर भरिताचा बेत आहे. हिरवी वांगी, तुराट्यांवर भाजलेली, आणि कळण्याच्या भाकरी. वहिनींना आणि पोरांना घेऊन यायचं आहे, शिपाईभाऊंनाही. आमच्या सासूबाईंचा मिरचीचा हात सैल आहे, तेव्हा तिखट कितपत चालतं तेवढं आधी कळवा.

आपली नम्र,
भुऱ्याच्या घरची