आमच्या मोहल्ला कमिटीच्या हवालदार साहेबांना

आदरणीय हवालदार साहेब,
सप्रेम नमस्कार.

भिवंडीच्या मोहल्ला कमिट्यांचा, म्हणजे वस्तीतली माणसं आणि पोलीस एकत्र बसायचे त्या समित्यांचा, विषय निघाला की पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांचं नाव निघतं, आणि ते निघायलाच हवं. १९८८ मध्ये ते इथे आले आणि ही कल्पना त्यांनी रुजवली. पण आमच्या गल्लीत ती चालवलीत तुम्ही. म्हणून हे पत्र तुम्हाला.

१९७० आणि १९८४ अशा दोन हिंदू-मुस्लिम दंगली सोसलेलं हे गाव. ८४ नंतर प्रत्येक वस्तीला वाटायचं, पोलीस आपले नाहीत, समोरच्यांचे आहेत. खाकी दिसली की दारं लागायची. तुम्ही मात्र बैठकीला बोलवायला आलात. हिंदू आणि मुसलमान सारखेच, आणि तेही पुढारी नव्हेत. लूमवर राबणारे, किराणा विकणारे, शिवणकाम करणारे. त्या बैठकांमध्ये एकोप्यावर कुणी भाषण ठोकल्याचं मला आठवत नाही. नळाला पाणी का येत नाही, गटार कुणाच्या दारात तुंबलंय, पोरांची मारामारी कशावरून झाली, हेच चालायचं. चौकीत एन.सी. (अदखलपात्र तक्रार) नोंदवून वर्षभर धुमसली असती अशी भांडणं तुम्ही सतरंजीवर बसून मिटवलीत. माझ्या मते खरं काम तिथेच झालं. रोजची भांडणं मिटवता मिटवता माणसं एकमेकांना नावाने ओळखू लागली, आणि तुम्हालाही.

त्याचं मोल डिसेंबर १९९२ मध्ये कळलं. बाबरी मशीद पडली आणि मुंबई पेटली. डिसेंबर-जानेवारीत तिथे ९०० माणसं गेली. भिवंडी शांत राहिली. एका रात्री आमच्याकडे आवई उठली, पलीकडे जमाव जमलाय. आधीचा काळ असता तर गच्चीवर दगड गेले असते. पण पलीकडचे टेलरचाचा कमिटीत होते. आमची माणसं तुम्हाला घेऊन थेट त्यांच्या दारात गेली. जमाव कसला, आठ-दहा जण आमच्याच भीतीने जागे होते! तुम्ही पहाटेपर्यंत तिथेच बसलात, दोन्हीकडच्या लोकांना शेजारी बसवून.

पुढे १९९४ मध्ये माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे मुंबईचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी मुंबईत मोहल्ला कमिटीची चळवळ उभी केली, तेव्हा आम्हाला फार अभिमान वाटला.

तुमच्या नोकरीत या कामाची कुठे नोंद झाली का, मला माहीत नाही. न झालेल्या दंगलीचं बक्षीस सहसा कुणाला मिळत नाही. तुमची बदली झाली त्या दिवशी आमची आई आणि टेलरचाचांच्या घरच्या बायका तुम्हाला भेटायला चौकीत आल्या होत्या, पण तुम्ही बंदोबस्तावर होतात. तेव्हा राहून गेलेले आभार आज दोन्ही घरांकडून मनापासून मानते.

आपली,
भिवंडीची एक रहिवासी