आयर्विनला 40 फूट व्हायच्या आत

पुणे, 17 मे

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

फोन केला की बाबा तो आईच्या हातात देतात आणि आई "जेवलीस का?" एवढं विचारून ठेवून देते. म्हणून पत्र लिहितेय. बाबांनी चष्मा लावून मोठ्याने वाचावं, आईने ऐकावं, आणि मध्येच कुणी दूध बघायला उठू नये.

आडपडदा न ठेवता सांगते. यंदा आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी चढायच्या आत तुम्हाला वाड्यातून हलवायचं म्हणून सांगलीतच विश्रामबागला, विलिंग्डन कॉलेजच्या जवळ, दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट 1 जूनपासून भाड्याने घेतलाय. करार झाला, डिपॉझिट भरलं. दादाला सगळं ठाऊक आहे, निम्मे पैसे त्याचे आहेत. वाडा विकायचा विषयच नाही. कुणाला दाखवायचाही नाही. कुलूप लावायचं आणि किल्ली आईच्या कनवटीला. अकरा महिन्यांचा करार हल्ली सगळेच करतात, त्याचा अर्थ अकरा महिने तिथेच राहायचं असा नाही; दसरा झाला की परत गावभागातल्या आपल्या वाड्यात. तुम्हाला न विचारता केलं, हे खरं आहे. विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं, ते 2021 च्या पुरात मिळालेलंच आहे.

"आम्हाला काय आता कावडीत घालून नेणार?" असं बाबा परवा म्हणालात. लागलं मला ते. दोन दिवस ऑफिसात लक्ष नव्हतं. मग तुमचीच पुस्तकं काढून बसले.

तीच, 2019 ला पाणी ओसरल्यावर मी पोत्यात भरून आणलेली. गॅलरीत दोऱ्या बांधून, पानापानात पावडर टाकून वाळवली होती. अजून पान उलटलं की मांडीवर बारीक गाळ पडतो आणि त्याला आपल्या चौकाचा वास येतो. अनुशासन पर्वाचा खंड तर विटेसारखा झालाय, उघडतच नाही. (उपदेशाचा मोठा साठा त्यात आहे, त्यामुळे माझं फारसं अडलेलं नाही.) बाकीचे रोज रात्री जेवणं झाल्यावर वाचतेय. समासात तुमच्या पेन्सिलीच्या खुणा सापडतात. काही ठिकाणी नुसतं "हं" लिहिलंय.

तर कावड. बाबा, वाल्मीकींच्या अयोध्याकांडात कावड नाहीच! त्या मुलाला नावसुद्धा दिलेलं नाही. एक मुनिकुमार रात्रीच्या अंधारात शरयूवर घागर भरतोय, तो आवाज हत्तीचा वाटून दशरथ बाण सोडतो. आंधळे आईबाप तिकडे आश्रमात बसलेले. दशरथ पाणी घेऊन त्यांच्याकडे जातो आणि पावलं ऐकून म्हातारा म्हणतो, बाळा, एवढा उशीर का केलास, पाणी आण लवकर. इथे मी पुस्तक मिटलं आणि उठून उगीच ओटा पुसला.

शाळेत ही गोष्ट मातृपितृभक्तीची म्हणून शिकवली. मला आता त्यात वेगळंच दिसतं. दोन म्हाताऱ्या माणसांचा सगळा कारभार एका घागरीवर आणि एका पोरावर चालला होता. शेजारपाजार नाही, गडीमाणूस नाही. बाण एकाला लागला आणि तिघंही गेली. 2019 च्या ऑगस्टमध्ये मी इथे टीव्हीसमोर बसले होते. रस्ते बंद, ब्रह्मनाळची नाव उलटल्याची बातमी चाललेली, आणि तुमचे दोन्ही फोन बंद. पुढे माडीवरून तुम्हाला बोटीत उतरवल्याचं कळलं तेव्हा मी आधी आईने देव घेतले का ते विचारलं म्हणे. मला आठवत नाही. पण तेव्हापासून एका पोरावर काहीच ठेवायचं नाही, हे मनाशी पक्कं केलंय. फ्लॅटच्या खालच्याच मजल्यावर दवाखाना आहे. माई आत्या चालत दहा मिनिटांवर. बाबांना रोज सकाळी गणपतीला न्यायला-आणायला रिक्षावाले मामा महिन्याच्या बोलीवर ठरवलेत, तेच आपले, ज्यांना बाबा निवडणुकीवरून रागावले होते ते. ते रागावलेले नाहीत.

पायी दर्शन आणि रिक्षाने दर्शन यात फरक आहे, हे मला कळतं. पण जानेवारीत मोरीत पाय घसरून पडलात, ते मला शेजारच्या काकूंकडून कळलं बाबा. तुमच्याकडून नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या आवडीची, मनूच्या माशाची. तुम्ही ती आम्हाला दिवे गेले की माडीवर सांगायचात. शतपथ ब्राह्मणातली ती मूळची गोष्ट केवढीशी आहे! सकाळी हात धुवायला पाणी घेतलं, तर ओंजळीत मासा. म्हणाला, मला सांभाळ, मी तुला तारीन. कशापासून? तर पुरापासून. आधी घड्यात ठेव, मग खड्ड्यात, मग समुद्रात सोड, आणि अमुक वर्षी पूर येईल तेव्हा नाव तयार ठेव. मनूने वाद घातला नाही. "आमच्या आजोबांच्या काळात पाणी इथवर आलं नव्हतं" असं म्हणाला नाही. कोयना किती भरली आणि अलमट्टी धरणाचे दरवाजे किती उघडले, याची वही काढली नाही. नाव बांधली.

चिडू नका. त्या वहीचा मला अभिमान आहे. आख्ख्या गल्लीला माहीत आहे की आयर्विन पुलाला पाणी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, आणि सूर्यवंशी प्लॉटमध्ये पाणी शिरलं तरी आपल्याला अजून अवकाश आहे. पण 2019 ला 57 च्या वर गेलं, तेव्हा वहीत लिहिता आलं नाही, कारण वही खाली दिवाणात होती. माजघराच्या चौकटीवर दादाची आणि माझी उंची बाबांनी पेन्सिलीने मांडलीय ना, त्याच चौकटीवर पुराच्या रेघा आहेत. 2019 ची रेघ माझ्या दहावीच्या उंचीवर चार बोटं आहे. मार्चमध्ये आले तेव्हा तिथे पाठ टेकवून उभी राहिले. पाणी माझ्याहून मोठं झालं होतं.

मार्चवरून आठवलं. "मिरजेत मैत्रिणीकडे लग्न आहे" म्हणून आले होते ते खोटं. दोन दिवस फ्लॅट बघत हिंडत होते. पण खोटं मी कुणाकडून शिकले? दुसरीत असताना घाटावरून तांब्यात मासा आणला होता, आठवतो? मला रोज वाटायचं तो वाढतोय. एका सकाळी तांब्या रिकामा. बाबा म्हणालात, "तांब्या पुरेना गं त्याला, रात्री नदीत सोडून आलो." आठवडाभर मी वर्गात सांगत होते. तो मेला होता, हे आईने मला लग्नाच्या आदल्या रात्री मेंदी काढता काढता सांगितलं. रडू आलं मला, वीस वर्षांनी. माशाचं नाही, रात्री एकटे घाटापर्यंत जाऊन आलेल्या बाबांचं.

त्या गोष्टीत शेवटी मासा जे सांगतो, ते कुणी सांगत नाही. नाव उत्तरेच्या डोंगरावर झाडाला बांध, आणि पाणी जसजसं उतरेल तसतसा खाली उतर. त्या उताराला मनूचं अवसर्पण असं नावच पडलं म्हणे. तुम्ही इथे समासात "हं" लिहिलंय. आणि स्वतः 2021 ला काय केलंत? पाणी पायरीखाली गेलं त्याच संध्याकाळी आईला घेऊन वाड्यात, चिखलात, विजेचं मीटर ओलं असताना. आईच्या पायाचं ते फोडाचं दुखणं दिवाळीपर्यंत पुरलं. यंदा तसं नाही. आधी दादा आणि मी जाऊ, घासूनपुसून घेऊ, मग तुम्ही.

आई, आता तुझं. महाभारतात हीच गोष्ट वनपर्वात येते, तिथे मनू सप्तर्षींबरोबर सगळ्या तऱ्हेचं बियाणं नावेत घेतो. तेव्हा तू लोणच्याच्या बरण्या, मेतकुटाचा डबा आणि तुझी ती पुरचुंडीतली वालाची बी खुशाल ने. स्वयंपाकघरात उजेड आहे, ओटा तुझ्या उंचीला बसतो, मी वाकून बघितलंय. संडास कमोडचा आहे, गुडघ्याला बरं. देवघराला पूर्वेची भिंत ठेवलीय. वाळवणाला गच्ची आहे. लिफ्ट तिथवर जाते. तुळस कुंडीतली नेऊ, वृंदावन हलवायचं नाही. श्रावणात शुक्रवारच्या कहाणीला माई आत्या आणि समोरच्या दोघीजणी येतो म्हणाल्यात. "आटपाट नगर होतं" असं तू म्हणालीस की ते नगर कुठल्या मजल्यावर आहे, हे कोण विचारतंय?

बाबांचा राग मला ठाऊक आहे. मांजर घेऊन माडीवर जाऊन बसतील. कठोपनिषदातला नचिकेत मी काल रात्री पुन्हा वाचला. बापाने रागाच्या भरात "मृत्यूला दिलं तुला" म्हटलं, पोर यमाच्या दारात तीन रात्री उपाशी राहिलं, यमाने तीन वर दिले. आत्मविद्या तिसऱ्या वराला आली. पहिला वर त्याने मागितला तो असा, की माझ्या वडिलांचा राग जाऊ दे, त्यांचं मन निवू दे, मी परत गेलो की मला ओळखून त्यांनी बोलावं. आणि यम म्हणतो, होय, ते रात्री सुखाने झोपतील. केवढा शहाणा मुलगा! मला पहिला वर मिळाला तरी पुरे, पुढचे दोन तुम्हालाच ठेवा.

आता नीट ऐका. मी 30 तारखेला रात्रीच्या गाडीने येतेय, दादा 31 ला. तोवर जड काही उचलायचं नाही. कपाटावरच्या ट्रंकांना बाबांनी हात लावायचा नाही. मिक्सर नको, तिकडे नवा आहे; पाटा-वरवंटा येऊ दे, पण तो दादा उचलेल. गोळ्यांचा डबा, रेशनकार्ड, पेन्शनची कागदं आणि उंचीची ती वही (बरोबर, आयर्विनचीच) एका पिशवीत. चष्म्याचा जुना जोडही. मांजर येईल, घरमालकांना विचारलंय. बाबांनी साखर तपासून आकडा मला मेसेज करायचा, आणि खरा करायचा. आईने भडंग करून ठेवावं, म्हणजे सामान हलवताना दादा गप्प राहील.

तुमची,
बेबी

ता. क. : अनुशासन पर्वाचा खंड बरोबर आणतेय. तो बाबांनीच उघडावा, माझ्या हातून पानं फाटतील.