ती सही मी केली नाही, बाबा

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलणं जमणार नाही. बाबांचा आवाज चढेल, आई फोन काढून घेईल आणि मी काय जेवले यावर गाडी येईल. म्हणून लिहितेय.

प्राण्यांच्या दाहिनीविरुद्धच्या सोसायटीच्या निवेदनावर मी सही केलेली नाही. फ्लॅटवर माझंही नाव आहे, त्यामुळे ‘सर्व सदनिकाधारकांचा एकमुखी विरोध’ या ओळीत मला धरू नका, असं सेक्रेटरी काकांना कळवलंय. प्रभाग कार्यालयात हरकती-सूचनांमध्ये माझं वेगळं पत्रही देऊन झालंय. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळायला हवं होतं.

रागावू नका. आधी सगळं वाचा.

बाबा, तुमची बाजू मला कळत नाही असं समजू नका. नाल्यापलीकडच्या प्लॉटवर प्राण्यांची दाहिनी येणार हे तुम्हाला फलक लागल्यावर कळावं, आधी एका माणसानं येऊन विचारू नये, हे चूकच आहे. तुम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलात म्हणून तर आराखडा हाती आला. तो मी ओळ न ओळ वाचला. त्यात चिमणीची उंचीच दिलेली नाही! दवाखान्यांचा कचरा जाळणाऱ्या भट्टीला 2016 च्या नियमांत 30 मीटर चिमणी सांगितलेली आहे. भट्टीच्या दुसऱ्या कक्षात 1050 अंशांच्या आसपास तापमान लागतं आणि धूर तिथे निदान दोन सेकंद राहावा लागतो, म्हणजे वास आणि घातक वायू तिथेच जळून जातात. माझ्या पत्रात मी हेच मागितलंय, की इथेही तोच नियम लावा. लाकूड नको, डिझेल नको, पाइपचा गॅस वापरा. गाडी बंदिस्त असावी आणि मागच्या रस्त्यानं यावी. धुराचे आकडे गेटवर लावावेत. देखरेखीला तुमच्यातले दोघे असावेत. यातलं काही नाकारलं तर मी तुमच्या शेजारी येऊन विरोध करीन, हे लेखी समजा.

तुमच्या दम्याचा विचार मी केला नसेल असं वाटतं का तुम्हाला? सगळ्यात आधी तोच केला. प्लॉट आपल्या पूर्वेला आहे. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा, उन्हाळ्याच्या दुपारी खाडीकडून येणारा, म्हणजे धूर आपल्यापासून लांब जाईल. आईचं गच्चीवरचं वाळवण सुरक्षित आहे, कुरडयांवर कण बसणार नाही. अडचण आहे ती हिवाळ्यातल्या सकाळची. तेव्हा वारा जमिनीकडून येतो आणि हवा खाली दबून राहते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी 10 च्या आत भट्टी पेटवायची नाही, अशी अट मी वेगळी घातली आहे. तुमचं फिरणं तोवर आटोपलेलं असतं. तुमचा बाक, तुमचा पेपर, चहाची टपरी, सगळं आहे तसंच राहील.

पण ‘इथे नको आणि शहरात कुठेच नको’ यावर सही करायला हात धजेना. निवेदनात शेवटी तसंच लिहिलंय, नीट वाचा.

आपला कुत्रा खंड्या गेला, त्या वेळचं तुम्हाला मी सांगायला नको. मला आणि दादाला तेव्हा तुम्ही एवढंच सांगितलंत, की त्याला खाडीकडे छान जागा मिळाली. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही फावडं घेऊन एकटेच परत गेला होतात, हे आईनं मला फार उशिरा सांगितलं. का जावं लागलं तेही सांगितलं. आल्यावर तुम्ही कितीतरी वेळ हात धूत होतात म्हणे. बाबा, तुमच्यासारख्या माणसावर ती वेळ यायला नको होती. अजूनही लोकांवर येतेच आहे. कुणी रात्री सोसायटीच्या बागेत खड्डा खणतं, कुणी पोत्यात बांधून नाल्यात टाकतं. रस्त्यावरचं मेलेलं कुत्रं सकाळी कचऱ्याच्या गाडीत जातं, आणि ते उचलणाऱ्याच्या हातात धड मोजेही नसतात. मेलेलं जनावर ओढायचं काम आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या कुणाच्या गळ्यात मारलं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. आज ते काम यंत्र करणार असेल तर त्याला नाही कसं म्हणू?

शिवाय डॉक्टर आजारी कुत्र्याला कायमचं झोपवायला जे औषध देतात, ते अंगात तसंच राहतं. उथळ पुरलेलं उकरून दुसऱ्या कुत्र्यानं किंवा घारीनं खाल्लं तर त्यांचाही जीव जाऊ शकतो. पुरणं हा आता शहरात उपाय राहिलेला नाही.

मालाडला मुंबई महापालिकेची पाइपच्या गॅसवर चालणारी अशी दाहिनी 2023 पासून आहे, पैसे घेत नाहीत. आमच्या मजल्यावरच्या काकूंचा लॅब्रडॉर गेला तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेले होते. फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळलेला, पट्टा गळ्यातच राहिला होता. तिथल्या माणसानं तो हळूच सोडवला, पुसला आणि काकूंच्या हातात दिला. मी मुद्दाम बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिले, फक्त वास घ्यायला. मला रिक्षांच्या धुराशिवाय काही जाणवलं नाही. आपल्याकडे असंच होईल याची खात्री मी देत नाही, त्यासाठीच तर त्या अटी आहेत. बाबा, तुम्ही एकदा माझ्याबरोबर चला. स्वतः बघा, मग काय ते बोला.

आई, तुझं वेगळं आहे, मला ठाऊक आहे. सकाळी दार उघडलं की समोर स्मशान, सणासुदीला मन कसं लागायचं, असं तू ताईमावशीला म्हणालीस. अगं, प्लॉटला मागून रस्ता आहे, आपल्या दारावरून काही जाणार नाही. मधल्या भिंतीला लागून झाडांची रांग मागितली आहे, तुझ्या तुळशीपुढून पाहिलंस तर हिरवंच दिसेल. आणि खंड्या गेल्यावर दहाव्या दिवशी कुणाला न सांगता गॅलरीत दहीभात तूच ठेवला होतास ना? मी पडद्याआडून पाहिलं होतं. त्याचं तुला अशुभ वाटलं नव्हतं.

आता जरा माझं ऐका दोघं. साखळी उपोषणाला बाबांनी बसायचं नाही. म्हणजे नाहीच. मंडप असो वा नसो. साखरेच्या गोळ्या घेणारा माणूस उपाशी बसत नाही, आणि बाकीच्यांनी कितीही आग्रह केला तरी ‘मुलगी ओरडते’ म्हणून सांगा, माझं नाव पुढे करा. पंप खिशात ठेवायचा, कपाटात नाही. दम लागला तर पायऱ्या चढत बसू नका, खाली थांबून वॉचमनला लिफ्टसाठी हाक मारायची. आई, गुडघ्याचं तेल संपलं की लगेच कळव. ‘आहे थोडं’ हे मी ऐकणार नाही. डॉक्टरांकडची तारीख या गडबडीत चुकवू नका.

कॉलनीत कुणी टोमणा मारला, ‘तुमचीच मुलगी फुटली’ म्हणून, तर मनाला लावून घेऊ नका. मी तुमच्याविरुद्ध गेलेली नाही. चुकीचं दिसलं की अर्ज लिहायचा, हे मी तुमच्या टेबलापाशी बसूनच शिकले.

सुनावणीला मी रजा टाकली आहे. आदल्या रात्री घरी येते. बाबा, तुम्ही तुमचं म्हणणं मांडा, मी माझं मांडते. आपण एकाच रिक्षानं जाऊ आणि एकाच रिक्षानं परत येऊ. आराखड्याच्या दोन झेरॉक्स काढून ठेवा, चष्मा बरोबर घ्या, निघण्याआधी काहीतरी खा. आई, माझ्यासाठी वेगळं काही करत बसू नकोस, पिठलं-भात पुरे.

तुमची,
चिमी