बाणाईशिवाय खंडोबा अपुरा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

चंपाषष्ठीच्या निमित्ताने आपल्या पुरवणीत खंडोबावरचा लेख वाचला. मणी आणि मल्ल या दैत्यांनी मांडलेला उच्छाद, सप्तर्षींचे गाऱ्हाणे, शंकराने घेतलेला मार्तंडभैरवाचा अवतार, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंतचे षड्रात्र हे सगळे त्यात नीट आले आहे. पण देवाची दुसरी राणी बाणाई, तिला लेखात एकच ओळ मिळाली, आणि तीही 'मूळ कथेला पुढे जोडलेली दंतकथा' म्हणून. हे वाचून वाईट वाटले, म्हणून हे पत्र.

संस्कृत मल्हारी माहात्म्याचा सारा भर युद्धावर आहे, हे खरे. आपण म्हणतो त्या आरतीतही दैत्यांचे मर्दनच आहे. पण आमच्यासारख्या ज्या घरांचे कुलदैवत खंडोबा आहे, तिथे देव कळतो तो जागरणात, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या देवाच्या गाण्यांत. लग्न पार पडले की अंगणात उसाचा नाहीतर ज्वारीच्या धाटांचा चौक उभा राहतो, मधे कलश मांडतात, दिवटी पेटते, आणि वाघ्या, म्हणजे खंडोबाची गाणी गाणारा भक्त, दिमडीवर थाप मारून गण म्हणतो. रात्र चढत जाते तशी कथा युद्धावरून संसाराकडे वळते. बायाबापड्या सावरून बसतात त्या तेव्हा, कारण आता चंदनपुरी येणार असते.

ती कथा थोडक्यात सांगतो, कारण नव्या पिढीतल्या अनेकांनी ती ऐकलेलीच नाही. म्हाळसा नेवाशाच्या तिमशेट वाण्याची लेक, लिंगायत, देवाची थोरली राणी. देव तिच्याशी सारीपाट खेळायला बसतो आणि डाव हरतो. हरणाऱ्याने बारा वर्षे वनवासात जायचे, अशी पैज लावलेली असते. देव गड सोडतो आणि गिरणेकाठच्या चंदनपुरीला धनगराच्या वाड्यावर जातो. तिथे बाणाई आहे. म्हाताऱ्या, गबाळ्या माणसाचे रूप घेऊन तो तिच्याकडे चाकरीला राहतो. वाडा झाडतो, लेंड्या भरतो, मेंढरे राखतो. ज्याच्या घोड्याखाली दैत्य तुडवले गेले तो देव एका धनगराच्या पोरीची बोलणी खाली मान घालून ऐकून घेतो. एके दिवशी बाणाई मेंढरे धुवायला सांगते. हा धुणे आपटावे तशी ती दगडावर आपटतो. सगळा कळप मरून पडतो, बाणाई आकांत करते. मग देव लग्नाचे वचन मागतो, भंडारा उधळतो आणि मेंढरे उठून चरू लागतात.

जागरणात हा भाग येतो तेव्हा वाघ्या खरोखर मूठभर भंडारा हवेत उडवतो, आणि समोर बसलेली म्हातारी माणसे 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणून दोन्ही हात वर करतात. तो पिवळा कण कपाळी लावताना त्यांच्या मनात मेलेला कळप उभा राहिलेला असतो. निदान आमच्याकडच्या माणसांच्या तरी असतो, हे मी खात्रीने सांगतो.

हा भाग गाळला तर काय उरते? दुष्टांना मारणारा एक देव. असे देव आपल्याकडे पुष्कळ आहेत. बायकोपुढे डाव हरणारा, प्रेमापायी मेंढरांमागे हिंडणारा आणि दोघींच्या भांडणात सापडून गप्प बसणारा देव मात्र हा एकच. म्हणून तर तो धनगरांचा आहे, कोळ्यांचा आहे, रामोश्यांचा आहे, मराठ्यांचा आणि देशस्थ ब्राह्मणांचाही आहे. परंपरेने त्याला आणखी बायकाही दिल्या, रंभाई शिंपीण, फुलाई माळीण. प्रत्येक समाजाने आपली लेक देवाच्या घरात दिली आणि देवाला जावई करून घेतले. इतके मोठे नाते एका शब्दात दंतकथा म्हणून कसे झटकता येईल?

जेजुरीला गेलेल्या प्रत्येकाने ही कथा पायांखाली घातलेली असते. म्हाळसा वर गडावर देवाजवळ, बाणाईचे देऊळ निम्म्या डोंगरावर. दोघी सवतींचे पटेना म्हणून देवाने असा निवाडा केला, असे लोक सांगतात. नव्या नवरीला उचलून पहिल्या पायऱ्या चढणारा नवरदेव पुढे बाणाईपाशी थांबतो, नवरी ओटी भरते, मग दोघे वर जातात. सवतींच्या भांडणाची गाणी तर इतकी तिखट आहेत की ती ऐकताना जातीपातीचे, खाण्यापिण्याचे, माहेरच्या मोठेपणाचे सगळे जुने वाद डोळ्यांसमोर येतात. मराठी बायकांनी आपले बोलणे देवीच्या तोंडी घालून मोकळे केले आहे. मला स्वतःला ही गाणी युद्धवर्णनापेक्षा श्रेष्ठ वाटतात.

गुंथर सोन्थायमर (1934–1992) हा जर्मन अभ्यासक धनगरांच्या वाड्यांवर आणि जत्रांतून हिंडला आणि त्याने ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. रा. चिं. ढेरे (1930–2016) यांनी लोकदैवतांच्या अभ्यासाला आयुष्य दिले. त्यांच्यानंतर हे काम जोमाने पुढे जायला हवे होते. आज जागरणाचा कार्यक्रम दोन तासांत आटोपतो. ध्वनिक्षेपकावर चार लोकप्रिय गाणी होतात, तळी उचलली जाते, जेवणे होतात. चंदनपुरी गाण्याइतका वेळ कोणाला नसतो, त्यामुळे तरुण वाघ्ये ती पुरती शिकतच नाहीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. मुलींना मुरळी म्हणून देवाला सोडण्याची प्रथा कायद्याने बंद झाली ते योग्यच झाले. त्या बायकांनी जे भोगले त्याला परंपरेचे नाव देऊन झाकू नये. पण त्यांच्या कंठातली गाणी हा त्यांचा ठेवा आहे, आणि त्यांची नावेही कुठे लिहिलेली नाहीत याची खंत वाटते.

आपल्याला विनंती अशी की पुढच्या चंपाषष्ठीला पुरवणीत एक पूर्ण पान चंदनपुरीच्या कथेला द्यावे. ती ग्रंथांतून न घेता जुन्या वाघ्या-मुरळीकडून किंवा एखाद्या धनगर ओवीकाराकडून ऐकून घ्यावी. त्यांच्याच बोलीत छापावी, शुद्ध करू नये, आणि गाणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने कथेच्या वर ठळक द्यावे. पाली, अणदूर-नळदुर्ग, जेजुरी, प्रत्येक ठिकाणी ती थोडी वेगळी निघेल. ते वेगळेपणही तसेच येऊ द्यावे.

आपला,
एक नियमित वाचक
पुरंदर तालुका, जि. पुणे