मुख्यमंत्री साहेब, बेळगावच्या अधिवेशनात उत्तरं आपण स्वतः द्या

जानेवारी 2026

मा. सिद्धरामय्या साहेब,
मुख्यमंत्री, कर्नाटक राज्य, यांस

सविनय नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. गावच्या सरकारी मराठी शाळेच्या एसडीएमसीवर, म्हणजे शाळेचा कारभार बघणाऱ्या समितीवर, पालकांच्या वतीने काम बघते. डिसेंबरात बेळगावजवळ हलग्याच्या सुवर्णसौधात विधिमंडळाचं अधिवेशन होऊन गेलं, मार्चमध्ये आपण आपलं सतरावं अंदाजपत्रक मांडाल. या मधल्या दिवसांत आपल्याकडे एकच मागणं आहे, आणि ते निधीचं नाही. बेळगावच्या अधिवेशनात ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी आपण स्वतः उभं राहावं आणि आमच्या भागातल्या शाळा, दवाखाने, रस्ते, बस, पाणी आणि त्यांच्यावरचा खर्च यांबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत. खात्याच्या मंत्र्यांवर सोपवू नये.

प्रश्न विचारून काय होतं, असं आमच्याकडे पुष्कळजण म्हणतात. गेल्याच अधिवेशनात त्याचं उत्तर मिळालं. घरच्या कर्त्या बाईला दरमहा पैसे देणाऱ्या गृहलक्ष्मी योजनेचे फेब्रुवारी आणि मार्च 2025 चे हप्ते बायकांच्या खात्यावर आलेच नव्हते. आमच्या गल्लीतल्या बायकांना ते तोंडपाठ होतं. कुठल्या महिन्याचे आले, कुठले राहिले, हे त्या बोटांवर मोजून सांगत होत्या. बँकेत विचारलं की वरून आले नाहीत म्हणायचे, दुसरीकडे विचारलं की येतील, थांबा म्हणायचे. सभागृहात मात्र ऑगस्टपर्यंतचे हप्ते दिल्याचं सांगण्यात आलं होतं. विरोधी बाकावरून नेमके महिने धरून पाठपुरावा झाला, तेव्हा दोन हप्ते राहिल्याचं मान्य झालं आणि मंत्र्यांनी खेद व्यक्त केला. बायका महिनोन्‌महिने जे सांगत होत्या, ते एका प्रश्नानं सरकारी दप्तरात आलं.

पण साहेब, तिथून पुढचा प्रश्न आपल्यासाठी होता. राज्यात सव्वा कोटीच्या आसपास बायकांना 2,000 रुपये, म्हणजे महिन्याला जवळजवळ अडीच हजार कोटी. दोन महिन्यांचे पाच हजार कोटी. एवढी रक्कम का थांबली आणि त्या वेळी कशासाठी वापरली गेली, हे महिला-बालकल्याण खातं कसं सांगणार? पैसे सोडतं अर्थखातं, आणि ते आपल्याकडे आहे. 4,09,549 कोटींचं अंदाजपत्रक 7 मार्च 2025 ला आपणच मांडलंत. त्यातले सुमारे 51,000 कोटी पाच हमी योजनांचे. या योजनांना मी नावं ठेवणार नाही. बायकांना बसप्रवास मोफत करणाऱ्या शक्ती योजनेमुळे माझ्या जावेला बेळगावात काम धरता आलं, अन्नभाग्यच्या तांदळावर आमच्या वस्तीतली किती घरं चालतात हे मी रोज बघते. म्हणूनच त्यांचा हिशेब योजना ज्यांच्या नावावर आहे त्यांनी द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

दुसरं कारण आमच्या जंगलातल्या गावांचं आहे, आणि ते मला यापेक्षाही मोठं वाटतं. भीमगड अभयारण्यात आमगाव, गवळी, पास्तोली, कोंगळा, देगाव, कृष्णापूर, तळेवाडी ही गावं आहेत. पावसाळ्यात ओढ्या-नाल्यांना पाणी चढलं की ती तुटतात. लाकडी साकवावरून माणसं जीव मुठीत धरून ये-जा करतात. आजारी माणसाला डोलीत किंवा स्ट्रेचरवर घालून, खांदे बदलत, चिखलातून आणि जळवांतून मैलोन्‌मैल चालून डांबरी रस्त्याला आणावं लागतं. 108 ची गाडी तिथवरच येते. जुलै 2024 मध्ये आमगावच्या एका बाईला असंच आणलं गेलं, ती वाचली नाही.

आता याचा प्रश्न सभागृहात कुणाला विचारायचा? रस्ता बांधकाम खात्याचा. तो करायला परवानगी वनखात्याची. रुग्णवाहिका आरोग्य खात्याची. मोबाइलला रेंज नाही, म्हणजे तो केंद्राचा विषय. पुनर्वसन पुन्हा वनखात्याकडे. आरोग्यमंत्री म्हणणार, रस्ता झाला की गाडी जाईल. बांधकाम मंत्री म्हणणार, वनखात्याची मंजुरी मिळाली की काम सुरू करू. प्रत्येकाचं उत्तर खरं असतं, आणि बाई रस्त्यातच दगावते. या सगळ्या खात्यांच्या वर बसलेला माणूस राज्यात एकच आहे. तळेवाडीच्या 27 कुटुंबांना 2025 मध्ये स्थलांतरासाठी प्रत्येकी 15 लाखांपैकी 10 लाखांचा पहिला हप्ता मिळाला, ते चांगलं झालं. मग बाकीच्या गावांचं काय ठरलंय? ज्यांना गाव सोडायचं नाही, त्यांना येत्या जूनच्या आत निदान साकवाच्या जागी पक्का पूल मिळणार का? राज्य सरकारच्या वतीनं याला हो किंवा नाही म्हणू शकणारे आपणच आहात.

लेखी उत्तरावर भागेल, असं कुणी म्हणेल. आमच्या शाळेचं सांगते. पाच वर्ग आणि दोन शिक्षक, त्यातले एक अतिथी शिक्षक. अतिथी शिक्षकांची नेमणूक शाळा सुरू झाल्यावर कधीतरी होते, तोवर एकाच खोलीत पहिली ते तिसरी बसते. फळ्याचे तीन भाग खडूने पाडलेले असतात, आणि पहिलीची पोरं तिसरीचे पाढे ऐकून ऐकून म्हणायला लागतात. आम्ही धडपड करून हा प्रश्न एका सदस्यापर्यंत पोचवला. मराठी माध्यमाच्या शाळांत किती जागा रिकाम्या आहेत, एवढंच विचारायचं होतं. लेखी उत्तर आलं. त्यात पूर्ण बेळगाव शैक्षणिक जिल्ह्याचा आकडा होता, सगळी माध्यमं एकत्र, आणि खाली भरतीची प्रक्रिया चालू असल्याची एक ओळ. कागद खोटा नव्हता, पण आम्ही विचारलेलं त्यात नव्हतं. तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यावा लागणारा प्रश्न असता, तर सदस्याने तिथल्या तिथे उपप्रश्न केला असता: माध्यमवार सांगा, तालुकावार सांगा. लेखी उत्तराला उलट विचारता येत नाही. ते आलं की विषय संपतो.

बसचंही तसंच आहे. शक्ती योजना सुरू झाली 11 जून 2023 ला, गर्दी वाढली, गाड्या त्या मानानं वाढलेल्या दिसत नाहीत. कॉलेजची मुलं दाराला लोंबकळून जातात. शक्तीचे किती पैसे सरकारकडून वायव्य कर्नाटक परिवहनला यायचे राहिलेत आणि खानापूर आगाराला किती नव्या गाड्या मिळाल्या, हे दोन आकडे एकाच वेळी एकाच माणसानं सांगितले तरच त्यांचा अर्थ लागेल.

सरकारच्या प्रमुखानं असं उभं राहणं नवीन नाही. ब्रिटनमध्ये 1961 पासून पंतप्रधानांच्या प्रश्नांची वेळ ठरलेली आहे. आधी आठवड्यातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं असायची, 1997 पासून दर बुधवारी अर्धा तास. पुढचा उपप्रश्न काय येणार हे पंतप्रधानाला आधी माहीत नसतं, म्हणून दवाखान्यातल्या रांगांपासून शाळांच्या खर्चापर्यंत सगळं वाचून यावं लागतं. तिथे आरडाओरडा होतो, टोमणे होतात, हेही खरं. तेवढं आपण घेऊ नये. वेळ ठरलेली असावी आणि माणूस बदलू नये, एवढंच घ्यावं. आपण 1983 मध्ये पहिल्यांदा आमदार झालात, वकिली केलेली आहे. उलटतपासणीला आपण घाबरणारे नाही, हे आपल्या विरोधकांनाही ठाऊक आहे.

आपण उत्तर देत नाही असं मी म्हणत नाही. उत्तर कर्नाटकाच्या चर्चेला आपण उत्तर देता. पण ती चर्चा अधिवेशनाच्या शेवटाकडे ढकलली जाते. आपलं भाषण होतं, सभागृह संपतं, गाड्या बेंगळुरूच्या वाटेला लागतात, आणि त्या भाषणावर प्रश्न विचारायला कुणी उरत नाही. पहिल्या दिवशी मराठी माणसाची बातमी होते ती अधिवेशनाच्या विरोधात महाराष्ट्र एकीकरण समिती भरवते त्या महामेळाव्याला परवानगी नाकारल्याची. मधल्या दिवसांत बेंगळुरूचं राजकारण. सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्यावर माझं मत आहे आणि ते मी लपवत नाही. पण निकाल लागेपर्यंत आमची मुलं आपल्याच सरकारच्या शाळेत शिकणार आहेत, आजारी माणूस आपल्याच सरकारच्या दवाखान्यात जाणार आहे, आणि दुकानातून घेतलेल्या वस्तूंवरच्या करातला राज्याचा वाटा आपल्याच तिजोरीत जाणार आहे.

बिदर-भालकीच्या मराठी गावांना निदान घटनेच्या 371 (जे) कलमाचा, म्हणजे कल्याण कर्नाटक भागासाठीच्या खास तरतुदीचा, आधार आहे. कल्याण कर्नाटक मंडळाला वर्षाला 5,000 कोटींची तरतूद असते, आणि तिचा स्वतंत्र हिशेब विचारता येतो. बेळगाव जिल्हा त्यात नाही. प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या डॉ. नंजुंडप्पा समितीनं 2002 मध्ये राज्यातले 114 तालुके मागास ठरवले, त्यातले 59 उत्तर कर्नाटकातले, आणि आठ वर्षांत 31,000 कोटी खर्च करा म्हणून सांगितलं. त्यावर किती खर्च झाला आणि काय उभं राहिलं, हे तालुकावार आम्हाला कुणी समजावून सांगितलेलं नाही. 2024 मध्ये आपण प्रा. गोविंद राव यांची नवी समिती नेमली. तिचे आकडे तरी सभागृहात आपल्या तोंडून यावेत: मंजूर किती, सोडले किती, खर्च किती.

आणि ती उत्तरं आमच्या ग्रामपंचायतीत मराठीतही लागावीत. राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क घटनेच्या 350 व्या कलमानं दिलेला आहे. 210 व्या कलमानुसार, सभागृहाच्या भाषेत नीट बोलता न येणाऱ्या सदस्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलू देऊ शकतात. माझी मुलगी कन्नड चांगलं वाचते, मीही अडखळत वाचते. माझ्या सासूबाईंना येत नाही, आणि गृहलक्ष्मी त्यांच्या नावावर आहे.

आमच्या एसडीएमसीनं तीन प्रश्न कागदावर उतरवले आहेत. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत मंजूर शिक्षक किती आणि हजर किती. भीमगडमधल्या प्रत्येक गावासाठी पूल की पुनर्वसन, आणि कुठल्या तारखेपर्यंत. राहिलेले दोन हप्ते कधी. पुढच्या बेळगाव अधिवेशनाच्या कामकाजपत्रिकेत आपली वेळ छापून येऊ दे. त्या दिवशी आम्ही बायका प्रेक्षक गॅलरीचे पास काढून येऊ, आणि सकाळच्या पहिल्या बसने निघू.

कळावे.

आपली नम्र,
खानापूर तालुक्यातली एक पालक