क्रीक म्हणजे खाडी नाही हो बाबा

प्रिय आई-बाबा,

शनिवारी माझा फोन लागेना म्हणून आई तू रात्रभर जागी होतीस असं दादा म्हणाला, सॉरी गं. आणि अजून एक सॉरी, 'हॉटेलवर चाललोय' म्हटलं होतं ती थाप होती. दहावीत येऊरच्या नाइट कँपला नाही म्हणाला होतात ना, तेव्हापासून सवय लागलीये.

आम्ही दोघं गनबावरच्या जंगलात क्रीकच्या काठी तंबू ठोकून झोपलो होतो, मेलबर्नपासून तीनेक तासांवर, आणि तेही फुकट. बाबा लगेच म्हणणार फुकट म्हणजे काहीतरी गडबड आहे, तर गडबड एवढीच की सरकारी जंगल असलं तरी मिळत काहीच नाही, प्यायचं पाणी नाही, संडास नाही, कचऱ्याचा डबा नाही, सगळं आपलं आपण न्यायचं आणि कचरा गाडीत घालून परत घरी. (संडासाचं काय हे तू विचारणारच आई, तर पाण्यापासून शंभर मीटर लांब जायचं, वीतभर खड्डा खणायचा, पुढचं समजून घे.)

क्रीकच्या काठी म्हटलं की तुम्हाला ऐरोली ब्रिजखालची खाडी दिसणार, चिखल, तिवरं आणि ओहोटीचा तो वास. इथे क्रीक म्हणजे गोड्या पाण्याचा ओढा, भरतीबिरती काही नाही. एका बाजूला गनबावर क्रीक, दुसऱ्या बाजूला मरे नदी आणि मधे हे जंगल, बहुतेक झाडं रिव्हर रेड गम, निलगिरीचेच भाऊबंद पण म्हातारी खोडं अशी की माझ्या एकटीच्या कवेत अर्धंसुद्धा येईना. गंमत म्हणजे या झाडांना अधूनमधून पूर हवाच असतो, पूर ओसरला की ओल्या मातीत नवी रोपं धरतात. आधी हिवाळा-वसंतात नदी आपसूक चढायची, मग धरणं झाली, पाणी उन्हाळ्यात शेतीला जायला लागलं, झाडं सुकायला लागली, म्हणून आता मुद्दाम जंगलात पाणी सोडतात! आपल्या तिवरांचं बरंय, समुद्र दिवसातून दोनदा स्वतःच येऊन जातो. आणि बाबा, रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत हे जंगल 1982 पासून आहे, आपली ठाणे खाडी 2022 ला आली, तुमच्या मॉर्निंग वॉकवाल्यांना सांगायला.

तुमच्या जावयाने तंबू आधी मस्त सावली बघून झाडाखालीच लावला होता. पलीकडे राहिलेल्या एका आजोबांनी येऊन उठवलं, ही झाडं वारा नसतानाही अख्खी फांदी टाकतात म्हणे. कुरकुरत हलवला. रात्री लांब कुठेतरी अशी फांदी पडली ना, फटाक्यांच्या दुकानाला आग लागल्यासारखा आवाज, मग दोघंही गप्प. निघताना शेकोटीवर बादल्या ओतल्या, नुसती माती टाकली तर निखारे आत धुमसत राहतात. पहाटे कूकाबरा पक्षी हसला तेव्हा मला वाटलं शेजारची मावशीच आली.

बाकी थंडी फार. स्लीपिंग बॅग काही कामाची नाही. आजीच्या साड्यांची ती गोधडी माळ्यावर आहे ना, ती दादा येईल तेव्हा त्याच्याबरोबर पाठव, बॅगेत जागा नाही म्हणेल पण ऐकू नकोस. पुढच्या वेळी खरं सांगून जाईन, फक्त रविवार रात्रीपर्यंत फोन लागला नाही तर घाबरायचं नाही.

तुमची,
चिऊ