ट्रॉल्यांमागे गाडलेले प्लग पॉइंट

प्रति,
माननीय संपादक

महोदय,

दसरा-दिवाळी जवळ आली की पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये फर्निचरच्या कामांची झुंबड उडते. लिफ्टच्या दाराशी प्लायवूड, जिन्यात भुसा, आणि दुपारची विश्रांती सोडली तर दिवसभर ड्रिलची घरघर. आयटीआयमध्ये तारतंत्रीचा व्यवसाय शिकवून मी निवृत्त झालो. सध्या सोसायटीच्या कार्यकारिणीत असल्यामुळे या कामांचे परवानगी अर्ज माझ्यासमोर येतात. त्या अर्जात राडारोडा कुठे टाकायचा, ड्रिल किती वाजेपर्यंत, कामगारांनी कोणती लिफ्ट वापरायची, डिपॉझिट किती, सगळं असतं. विजेबद्दल एक ओळ नसते.

बिल्डर स्वयंपाकघरात पॉइंट देतो ते साध्या ओट्याचा हिशेब धरून. ओट्यावर मिक्सरचा, सिंकपाशी वॉटर प्युरिफायरचा, कोपऱ्यात फ्रिजचा, वर चिमणीचा. घरमालक मॉड्युलर किचन करायला घेतो, तेव्हा फ्रिज पलीकडच्या भिंतीला जातो आणि त्याच्या बोर्डावर टॉल युनिट उभं राहतं. डिशवॉशर बसवायचा असतो, पण तिथे पॉइंटच नसतो. किचनवाल्यांच्या कोटेशनमध्ये ‘इलेक्ट्रिक व प्लंबिंग ग्राहकाकडे’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. ग्राहकाला ते फिटिंगच्या दिवशी कळतं, आणि त्या दिवशी वायरमन कुठून मिळणार? मग फिटरच एक्स्टेन्शन बोर्डाची वायर कापतो, जुन्या पॉइंटला पीळ मारून जोडतो, वर टेप गुंडाळतो आणि पुढे कॅबिनेट उभं करून स्क्रू आवळतो. काम झकास दिसतं.

आमच्याच इमारतीत एका घरी डिशवॉशर मधूनच बंद पडायचा. मशीनचा मेकॅनिक दोनदा येऊन काही दोष नाही म्हणून गेला. शेवटी ट्रॉल्या काढून मागची पाठ उघडली, तर जॉइंटवरची टेप वितळलेली आणि प्लायवर काळा डाग. एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, मात्र एकदाही पडला नव्हता.

लोक चुकतात ते नेमके इथे. ‘एमसीबी आहे ना, मग काळजी कसली?’ हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं आहे. एमसीबी जादा करंट किंवा शॉर्ट सर्किट ओळखतो. आरसीसीबी हा दुसरा सुरक्षा स्विच करंट जमिनीकडे गळत असेल तर पडतो, घरगुती असेल तर साधारण ३० मिलिअँपियरला. सैल जॉइंटमध्ये या दोन्हींपैकी काहीच घडत नाही. करंट ठरल्याइतकाच वाहतो, फक्त वाटेत एका जागी अडतो. त्या जागी अर्धा ओहम रोध असेल आणि दहा अँपियर वाहत असतील, तर पन्नास वॅट उष्णता तिथेच निघते. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत, मिळणारं साधं सोल्डरिंग आयर्न (तारांना डाग द्यायचं तापतं हत्यार) पंचवीस वॅटचं असतं. अशी दोन आयर्न पेटवून प्लायच्या मागे ठेवल्यासारखंच हे. तिथे हवा खेळत नाही, फोडणीची तेलकट वाफ साचते, सिंकचा पाइप कधीमधी गळतो आणि उंदीर असतील तर ते वायर कुरतडतात.

दुसरी गोष्ट वायरच्या जाडीची. भिंतीतला पॉवर पॉइंट सोळा अँपियरचा असतो, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे ३६८० वॅटपर्यंत. त्यासाठी भिंतीत निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लागते. बाजारातले बरेच एक्स्टेन्शन बोर्ड सहा अँपियरचे, म्हणजे १३८० वॅटचे. डिशवॉशरचा हीटर दोन हजार वॅटच्या आसपास जातो, ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा छोटा ओव्हनही कमी नाही. त्यातून वायर दोनच पदरी असेल, तर अर्थिंग तिथेच संपलं. ओल्या हाताने ज्या पत्र्याला आपण हात लावतो, त्यालाच अर्थ नाही!

गॅसचाही विचार कुणी करत नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाच्या ट्रॉल्यांपाशी साचतो, आणि ठिणगी उडवणारे लपलेले जॉइंट तिथेच असतात. पुण्यात आता बऱ्याच घरांत पाइपचा गॅस आहे. तो हलका असल्यामुळे वर जातो, चिमणीच्या कपाटाकडे.

यावरचा उपाय महाग नाही, फक्त वेळेवर करावा लागतो. किचनचा आराखडा पक्का झाला की टाइल्स लावण्याआधी वायरमनला बोलवावं आणि पॉइंटच हलवून घ्यावा. भिंतीतल्या वायरीच्याच जाडीच्या तीन वायरी, तिसरी अर्थिंगची, वायरींसाठीच्या कंड्युट पाइपमधून. जॉइंट टाळता येत नसेल तर तो टेपने नको. कनेक्टर लावून जंक्शन बॉक्समध्ये, आणि बॉक्स हात पोचेल अशा जागी. डिशवॉशर किंवा बिल्ट-इन ओव्हनचं सॉकेट मशीनच्या बरोबर मागे न घेता शेजारच्या कपाटात घ्यावं आणि स्विच ओट्याच्या वर. मशीन तापलं, पाणी गळलं, तर वाकून कपाट न उघडता वीज बंद करता आली पाहिजे. नको असलेला पॉइंट झाकायचा असेल, तर त्याच्या वायरी आधी सर्किटमधून सोडवाव्यात. युनिटमागे गेला म्हणून तो मेला असं नसतं. टाइल्स आधीच लागल्या असतील तर भिंतीवरून पीव्हीसी पट्टीतून वायर न्यावी. दिसायला बरी नाही दिसत, पण दिसते तरी.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारख्या किरकोळ कामांपलीकडचा वायरिंगमधला फेरफार परवानाधारक विद्युत कंत्राटदारानेच करायचा आहे. सुतार किंवा किचनचा फिटर यात बसत नाही. त्यांना दोष देऊनही उपयोग नाही. त्यांच्यावर ते काम आपणच ढकलतो, दोन-चार हजार वाचवायला. लाखांच्या किचनमध्ये!

सोसायट्यांनी एवढं करावं. परवानगीच्या अर्जाला अर्ध्या पानाची पुरवणी जोडावी: कोणते पॉइंट हलणार, कोणते झाकले जाणार, कंत्राटदाराचा परवाना क्रमांक काय, आणि युनिट बसवण्याआधी मोजपट्टी धरून काढलेले भिंतीचे फोटो. डिपॉझिट परत करताना ते बघावेत. आमच्या कार्यकारिणीत मी हे मांडलं, तेव्हा एका सभासदाने विचारलं, लोकांच्या स्वयंपाकघरात सोसायटीने का डोकावायचं? चौथ्या मजल्यावरच्या ट्रॉलीमागे पेटलं तर धूर पाचव्या मजल्यावर जातो, असं मी सांगितलं. विषय पुढच्या सभेवर गेला आहे. इतर सोसायट्यांनी अशी अट आधीच घातली असेल, तर त्यांनी आपला नमुना याच सदरात जरूर पाठवावा. आमचा मसुदा अजून कच्चा आहे.

आपला,
एक वाचक, कर्वेनगर, पुणे